चौथ्यांदा बंद पडलेला ट्रक

१

चढावर होतं ते असं : ट्रक एक, तोंड वरच्या बाजूला. सिमेंटच्या गोण्या एकशे ऐंशी, त्यांतल्या सात फुटलेल्या. मागं घसरल्याची खूण तीन मीटर चाळीस सेंटिमीटर. लाकडी ठोकळा एक, मधोमध चिरलेला. चप्पल एक, डाव्या पायाची. डिझेलच्या टाकीवर शिशाचं सील एक, शाबूत. टाकीचा काटा पूर्ण भरलेल्या खुणेवर. आणि रस्त्याकडेच्या दगडावर माझे बाबा, ज्यांच्याशी कुणीही बोलत नव्हतं.

बाबांचा फोन आल्यावर चाळीस मिनिटांत मी स्कूटरवरून तिथं पोचले होते. तोवर पैलवानला दवाखान्यात नेलं होतं. पैलवान म्हणजे बाबांच्या गाडीवरचा हमाल. अंगानं काडीसारखा, म्हणून पैलवान. एकोणीस वर्षं दोघं एकाच गाडीवर.

"दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो," बाबा म्हणाले. "जरा जोर हवा म्हणून ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन मेलं. इंजिन मेलं की या गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो. हॅण्डब्रेक ओढला, तो नऊ टनांना कुठला धरतोय? पैलवान ठोकळा लावायला उतरला आणि..." पुढचं त्यांना बोलवेना. एकदम टाकीकडं बोट दाखवून ओरडले, "सील बघ! शाबूत आहे ना? बघून ठेव. उद्या म्हणतील, डिझेल विकलं म्हणून बंद पडला!"

तेवढ्यात डेपोची जीप आली. मॅनेजर उतरले, मागून मिस्त्रीकाका हत्यारांची पेटी घेऊन. मिस्त्रीकाकांनी पकडीनं सीलची तार तोडली, पाना लावून झाकण काढलं आणि टाकीत कांडी बुडवली. "गच्च भरलीये." मग वर चढून चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. सोडला, दाबला, सोडला, दाबला. मी मोजलं : सात वेळा. सातही वेळा गरजलं. मग त्यांनी तोच ट्रक, त्याच गोण्यांसकट, तोच चढ चढवून दाखवला.

"गाडीला दोष नाही," मॅनेजर म्हणाले. "चुकीच्या गिअरमध्ये चढवला, इंजिन दबलं. मला तसंच लिहावं लागेल. शनिवारी बाराला मालकीणबाई येतात, अहवालावर सही होईल."

'चालकाचा निष्काळजीपणा' एवढे दोन शब्द कागदावर गेले, की बाबांची नोकरी जाणार होती आणि मागोमाग लायसन्स. बुधवार होता. दुपारचे पावणेदोन.

बाबा उठले. "ही चौथी वेळ आहे. तीनदा मी लिहून दिलंय."

"तीनदा मिस्त्रींनी तपासलंय. तीनदा काहीही निघालेलं नाही."

"मग काय, माणूस चिरडायची वाट बघत होता?"

मॅनेजर माझ्या हातातल्या मोजायच्या टेपकडं बघत होते.

२

गुरुवारी सकाळी मी डेपोत गेले. मॅनेजरांची खोली काचेची आहे. आतून सगळं अंगण दिसतं, बाहेरून मॅनेजरांचा फक्त टेबल-फॅन दिसतो.

"मला तक्रारवही बघायचीय," मी म्हटलं.

"तू कोण?"

"चालकाची मुलगी."

"ते माहितीय. वही बघणारी तू कोण?"

"भौतिकशास्त्राची पदवी आहे माझी."

ते हसले. "माझ्या भाच्याकडं इतिहासाची आहे. त्याला किल्ला देऊ का?"

माझे कान तापले. आई नेहमी म्हणते, हिला राग आला की ही भांडत नाही, मोजायला लागते. मी खुर्ची ओढून बसले. "वही दाखवली नाहीत, तर मी इथंच बसून राहते. शनिवारी मालकीणबाई येतील तेव्हा त्यांनाच विचारीन, तीन तक्रारींचं काय झालं."

वही टेबलावर आपटली गेली. बाबांचं अक्षर मोठं आणि वाकडं आहे. तीन तारीख : 'उभ्या गाडीत इंजिन ठीक चालते. जोर दिला की मरते.' अकरा तारीख : 'पुन्हा तसेच. जोर दिला की मरते.' एकोणीस : 'पुन्हा. कृपया बघा. एक दिवस घात होईल.' तिन्हींपुढं एकच शेरा, एकाच पेनानं : 'तपासले. दोष नाही.'

"या तिन्ही वेळा गाडी कुठं बंद पडली?"

"सपाट रस्त्यावर. म्हणून कुणी मेलं नाही." त्यांनी टेबलावरचा एक टाइप केलेला कागद उलटा केला. पण त्याआधीच 'निष्काळजीपणा' हा शब्द मला समोरून उलटासुद्धा वाचता आला होता. अहवाल तयार होता. त्यांना कुणाला काही विचारायचंच नव्हतं.

"तुझ्या बापाचं वय काय?" ते म्हणाले. "अठ्ठावन्न ना? या वयात पाय जड होतो. त्यात लाजायचं काय? कबूल करा, मी मालकीणबाईंना सांगून काही तरी सांभाळून घेतो."

तारखा उतरवून मी उठले. दारात वळून म्हटलं, "पाय जड झाला तर इंजिन गरजतं, साहेब. मरत नाही."

३

मिस्त्रीकाका गाडीखाली होते. त्यांचे फक्त बूट बाहेर दिसत होते. मी बुटांशी बोलले.

"काका, हा अहवाल तुमच्या शब्दावर लिहिलाय."

"माझ्या शब्दावर काही लिहू नका म्हणावं. मी शब्दांचं काम करत नाही." ते सरपटत बाहेर आले. "काय गं, प्रयोगशाळे? मीच चोर, असं ठरवून आलीयेस का?"

"ठरवलं नाही अजून. तुम्ही जुनेच फिल्टर परत बसवत असाल, असं बाबांना वाटतं."

त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून तीन फिल्टर काढले, एकेक करून करवतीनं कापले आणि आतल्या कागदाच्या घड्या माझ्यासमोर पसरल्या. तिन्ही जवळजवळ स्वच्छ. "हे तिन्ही वेळा काढलेले. नवे होते तरी काढले, तुझ्या बापाची समजूत पटावी म्हणून. अकराला डिझेलची नळी फुंकून साफ केली. एकोणीसला पंप उतरवला. अजून काय करू? इंजिनाची पूजा घालू?"

"मग बंद का पडतं?"

"माझ्यासमोर पडत नाही! तीच तर बोंब आहे. सव्वीस वर्षं झाली मला. गाडी बंद पडली म्हणून मी जातो आणि मी गेलो की ती सशासारखी पळते. लोक हसतात मला. तुझा बाप आणि मी आता चहाला एकत्र बसत नाही, माहितीय? तो म्हणतो मी आंधळा, मी म्हणतो तो खोटारडा." त्यांनी हातातला फडका आपटला. "माझ्यासमोर एकदा पाडून दाखव म्हणावं. एकदा!"

त्यांचा राग खरा वाटला. त्यात लपवण्याजोगं काही नव्हतं.

"चारही वेळा तुम्ही काय काय केलंत, सांगाल? अगदी क्रमानं. पहिलं, दुसरं, तिसरं."

"पहिलं काय असतं? पहिलं प्रत्येक मिस्त्री करतो तेच. सील तोडायचं, झाकण काढायचं, डिझेल आहे का बघायचं. मग नळी, मग फिल्टर, मग पंप."

मी लिहून घेतलं. निघताना ते मागून ओरडले, "आणि पैलवानला विचार! गाडीत तिसरा कुणी नव्हता. दोघंच होते."

४

पैलवानचा डावा घोटा तीन ठिकाणी मोडला होता. पाय पांढऱ्या पट्ट्यांत उंच टांगलेला. मला बघून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

"बाबांनी विचारलंय, कसं वाटतंय."

"स्वतः का नाही आला?"

"तुम्ही भेटायला नकार दिलात म्हणून."

"मग दार फोडून यायचं! एकोणीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंय त्यानं." त्यांचा आवाज चिरकला. "साहेब येऊन गेले काल. म्हणाले, क्लचवरून पाय निसटला त्याचा. तसं असेल तर त्यानं माझ्या तोंडावर सांगावं. पाय गेला तर गेला. पण खोटं कशाला बोलायचं माझ्याशी?"

"पाय निसटला, असं तुम्ही पाहिलंत?"

"नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. टाकी वाजली म्हणून."

"टाकी वाजली?"

"ठप्पकन. पत्र्याच्या डब्यावर कुणी बुक्की मारावी तसं. मला वाटलं, गोणी सरकून टाकीवर आपटली. वाकून बघितलं तर काही नाही. पुढं अर्ध्या मिनिटात इंजिन मेलं."

"याआधी कधी वाजली होती?"

"मागच्या खेपेला पण वाजली होती वाटतं. एकोणीसला. तेव्हा आम्ही म्हटलं, दगड उडाला असेल." ते माझ्याकडं वळले. "वहीत काय लिहितेस एवढं? माझं दुखणं लिही की. दुखतंय, असं लिही."

मी लिहिलं. मग बाहेर येऊन जिन्यावर उभी राहिले.

५

उरले स्टोअरकीपर. डेपोत त्यांना सगळे कुलूप म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. डिझेल भरणं, टाकीला सील लावणं आणि सुट्या भागांची खोली सांभाळणं, तिन्ही कामं त्यांची. डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेल मिसळत असेल, तर ते त्यांच्याशिवाय कुणाला शक्य नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या पंपातून बाटलीभर डिझेल मागितलं.

"कशाला?"

"घनता मोजायला."

"सही करा." त्यांनी वही पुढं केली. "बाटली परत आणा. डिझेलही."

कॉलेजातून मागून आणलेल्या मापकावर घनता आली ०.८३६. डिझेलची असायला हवी तेवढीच. तासभर स्थिर ठेवूनही तळाला पाण्याचा थेंब नाही. मिस्त्री सुटले होते, कुलूपही सुटलं. उरत होते बाबा. तो विचार मनात आल्याबद्दल मला स्वतःचाच इतका संताप आला, की बाटली परत देताना मी ती जवळजवळ आपटलीच.

"फुटली असती तर भरपाईचं पत्र लिहावं लागलं असतं," कुलूप म्हणाले.

"तुमच्या वहीत टाकी कधी भरली तेही असेल ना?"

"माझ्या वहीत काय नसतं ते विचारा."

बाबांच्या गाडीची टाकी या महिन्यात चारदा भरली होती. तीन, अकरा, एकोणीस, आणि परवाचा बुधवार.

मी तारखा पुन्हा वाचल्या. मग माझी वही उघडून शेजारी ठेवली.

त्याच चार तारखा.

किलोमीटरचे आकडेही होते. भरल्यापासून बंद पडेपर्यंत गाडी चालली होती ती सतरा, एकोणीस, अठरा आणि अठरा. सगळे जण एवढंच बघत होते की टाकी भरलेली आहे, म्हणजे डिझेल कमी पडायचा प्रश्नच नाही. पण गाडी फक्त भरलेल्या टाकीवरच बंद पडत होती. अर्ध्या टाकीवर एकदाही नाही.

मी तिथंच पायरीवर बसून चारही दुरुस्त्यांची उजळणी केली. प्रत्येक वेळी मिस्त्री आल्यावर दोष नाहीसा झाला होता. म्हणजे त्यांनी केलेल्या कुठल्या तरी एका गोष्टीनं तो जात होता. फिल्टर बदलला तीनदा, बुधवारी नाही. नळी फुंकली एकदा. पंप उतरवला एकदा. चारही वेळा केलेली गोष्ट फक्त एक होती, आणि ती दुरुस्ती आहे असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. झाकण काढणं.

टाकीतून डिझेल गेलं की तेवढी हवा आत यावी लागते. हवेला वाट नसेल, तर आतली थोडीशी हवा ताणली जाते, दाब उतरतो, टाकीचा पत्रा आत दबतो. ठप्प. इंजिनाकडं डिझेल ओढणारा पंप उलट्या ओढीशी झगडत राहतो. उभ्या गाडीत थोडंच डिझेल लागतं, तेवढं तो पुरवतो. जोर दिला की जास्त लागतं. तेवढं येत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असेल, तर आत हवा दहा-बारा लिटरच. पाच लिटर जळलं की खेळ संपला. आमच्या गाडीला लिटरला साडेतीन किलोमीटर पडतात. साडेतीन गुणिले पाच.

"तुम्ही झाकण कसं लावता?" मी विचारलं.

"पान्यानं आवळतो. मग तार, मग शिसं. मिस्त्री ते तोडतात, पुढं चालक हातानं फिरवून ठेवतो. पुन्हा टाकी भरेपर्यंत सील नाही. तसा नियमच आहे."

हातानं ठेवलेलं झाकण हवा आत घेत होतं. म्हणून मधले दिवस गाडी बरी चालत होती.

"झाकणाला हवेसाठी भोक असतं. या गाडीच्या झाकणाला आहे का?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. "बाकीच्या पाच गाड्यांना टाकीवर वेगळी नळी आहे. ही जुनी. हिच्या झाकणातच भोक होतं."

"होतं?"

"एक तारखेला मी बुजवलं. पुट्टीनं. साहेबांनी सांगितलं, भोकात बारीक नळी घालून चालक डिझेल काढतो, बंद कर."

मी धावत अंगणात गेले. ट्रकच्या टाकीचं झाकण काढून उलटं केलं.

भोक होतं. मोकळं, गोल, आरपार दिसणारं. पुट्टीचा कणही नाही. झाकण इतकं नवं होतं की त्यावरचा कारखान्याचा तेलकट थर बोटांना लागला.

६

मी तशीच धावत परत आले. "झाकण कुणी बदललं?"

"ओरडू नका. हे स्टोअर आहे."

"माझ्या बाबांना तुम्ही सगळे मिळून घालवताय! ते झाकण हा एकच पुरावा होता आणि तो—"

"बसा," कुलूप म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "चोवीस वर्षं या खोलीतून जुना भाग जमा केल्याशिवाय नवा भाग बाहेर गेलेला नाही. बल्ब नाही, नट नाही, वायसर नाही. मालकीणबाईंनी मागितला होता आरसा, त्यांनाही म्हटलं, आधी फुटलेला आणा. आणि झाकण जाईल?"

ते शिडीवर चढले. वरच्या फळीवर जुन्या भागांची रांग होती, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. त्यांनी एक झाकण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काळपट, जुनं. आतल्या बाजूला मधोमध करड्या पुट्टीचा वाटाण्याएवढा गोळा.

चिठ्ठीवर होतं : 'डिझेल टाकीचे झाकण, नग एक. जुने जमा. नवे दिले.' बुधवार, सायंकाळी पाच चाळीस. खाली मॅनेजरांची सही.

"म्हणाले, खराब झालंय. मी म्हटलं, जुनं आणा. चिडले, पण आणलं. काल विचारत होते, भंगारात टाकलं का. मी म्हटलं, भंगार महिन्याच्या शेवटी निघतं." ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. "पुट्टी मी लावली, पोरी. माझ्या या हातांनी. तो हमाल मला दर सकाळी हात करायचा."

त्यांच्यावर रागवावं, की त्यांना धीर द्यावा, हे मला ठरवता येईना.

मिस्त्रीकाकांना झाकण दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन दोनदा फिरवलं आणि अशी एक शिवी हासडली, की अंगणातली माणसं वळून बघायला लागली. "चारही वेळा हे दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. निघताना सुस्कारा टाकायचं. बुधवारी चढावरनं परत येताना मी जीपमध्ये साहेबांना म्हटलंसुद्धा, झाकण आतून कुणी धरून बसल्यासारखं येतं. मी हसत होतो. ते हसले नाहीत."

म्हणजे बुधवारी दुपारी त्यांना कळलं. सायंकाळी त्यांनी झाकण बदललं. आणि गुरुवारी सकाळी 'निष्काळजीपणा' टाइप केलं. त्या आधी दवाखान्यात जाऊन, मोडलेल्या पायाच्या माणसाला सांगून आले, तुझ्या मित्राचा पाय निसटला.

७

शनिवारी बाराला मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या, हातात काठी, ऐकायचं यंत्र डाव्या कानात. बाबा अंगणात उभे होते, घडी मोडलेल्या शर्टात. मॅनेजर अहवाल घेऊन पुढं झाले.

"सही करण्याआधी एक तास द्या," मी म्हटलं.

"ही चालकाची मुलगी आहे," मॅनेजर म्हणाले. "भावना समजू शकतो आपण, पण—"

"भावना नाहीत. नळी आहे."

मालकीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग नळीकडं. "कशाला ती?"

"टाकीतली ओढ दिसायला. तिथली हवा जेवढी ओढेल, तेवढं पाणी या नळीत चढेल."

"इंजिनाच्या बिघाडाला पाणी?" मॅनेजर हसले. "बाई, झाकणातल्या चिमुकल्या भोकानं नऊ टनांचा ट्रक थांबतो, असं हिचं म्हणणं आहे."

मी अजून भोकाचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं.

मालकीणबाईंचं यंत्र चांगलं असावं. त्यांनी मान हळूच त्यांच्याकडं वळवली. "कुठलं भोक?" त्यांनी काठी टेकली. "खुर्ची आणा. बघते मी."

मिस्त्रीकाकांनी टाकीच्या माथ्यावर, काट्याच्या बैठकीत एक पितळी तोटी बसवली होती. तिथून पारदर्शक नळी वर गच्चीच्या कठड्यापर्यंत नेली आणि भिंतीला धरून खाली बादलीतल्या लाल रंगाच्या पाण्यात सोडली. भिंतीवर मी खडूनं दर दहा सेंटिमीटरला खुणा केल्या. कुलूपांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, जुनं झाकण पान्यानं आवळलं, तार ओवली, शिसं दाबलं. चिठ्ठी त्यांनी मालकीणबाईंच्या हातात दिली.

मिस्त्रीकाकांनी इंजिन सुरू केलं आणि मध्यम वेगावर ठेवलं.

दहा मिनिटांत पाणी चाळीस सेंटिमीटरवर होतं. वीस मिनिटांत सत्तर-ऐंशीच्या मधे. सगळे भिंतीकडं बघत होते. एकदा मॅनेजर म्हणाले, "नळीत तर उष्णतेनंही पाणी चढतं." मी म्हटलं, "कोणत्या उष्णतेनं, सांगा." बाबांनी अंगणाला सोळा फेऱ्या घातल्या. सतराव्या फेरीत ते मॅनेजरांसमोर थांबले.

"तुम्हाला माहीत होतं," बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की इंजिनावरून तो जेमतेम ऐकू आला. "मला घालवायचं होतं तर मला घालवायचं. पैलवानच्या उशाशी जाऊन तुम्ही कशाला..." त्यांनी मूठ वळली. मी त्यांचं मनगट धरलं. ते लाकडासारखं घट्ट होतं.

"मी एवढंच म्हटलं होतं की चोरी थांबवा," मॅनेजर म्हणाले. बाबांना नाही, मालकीणबाईंना. "नंतर लक्षात आलं. तोवर अपघात होऊन गेला होता. आता सांगून पाय जोडला जाणार होता का?"

मालकीणबाई चिठ्ठीवरची वेळ वाचत होत्या. "चालक चोर आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अंदाज होता."

"अंदाज," त्या म्हणाल्या, आणि अहवाल उभा फाडला. मग आडवा. "किल्ल्या इथं ठेवा. तुमच्या खोलीच्या, जीपच्या. सगळ्या."

टाकी ठप्पकन वाजली. मालकीणबाई दचकल्या. मिस्त्रीकाका केबिनमधून ओरडले, "ऐकलंत? ऐकलंत ना सगळ्यांनी?"

तासाला सात मिनिटं वर झाली होती. मालकीणबाईंनी काठीनं बाबांकडं खूण केली. "तुम्ही चढा वर. तुमची गाडी आहे."

मिस्त्रीकाका उतरले. बाबा दारापाशी क्षणभर थांबले, तेव्हा मिस्त्रीकाका दुसरीकडं बघत पुटपुटले, "पाड रे. माझ्यासमोर पाड एकदा."

बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनानं एक आचका दिला आणि बंद पडलं. मिस्त्रीकाकांनी डोळे मिटून घेतले. बाबांनी पुन्हा सुरू केलं, ते मंद चाललं, दाबला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तसंच. मग आम्ही जुनं झाकण काढून नवं बसवलं, तेही पान्यानं आवळलं, तेही सील केलं आणि आणखी एक तास सात मिनिटं थांबलो. त्या वेळात कुणीही जेवायला गेलं नाही.

मालकीणबाईंनी कोरा अहवाल मागवला आणि पेन माझ्या हातात दिलं. "कारणाच्या रकान्यात लिही. पैलवानला वाचून दाखवायचंय, सोपं लिही."

मी लिहिलं :

जुने झाकण. नळीतील पाणी २ मीटर ६४ सेंटिमीटर. जोर दिल्यावर इंजिन तीनपैकी तीन वेळा बंद.

नवे झाकण. नळीतील पाणी ० मीटर ० सेंटिमीटर. जोर दिल्यावर इंजिन तीनपैकी शून्य वेळा बंद.